ब्रिटनचा प्रवेश अडतो तो घरच्या कागदांवर

विद्यापीठाची ऑफर आली, डिपॉझिट भरलं, घरोघरी पेढे गेले आणि ऑगस्टमध्ये व्हिसा नाकारल्याचं पत्र आलं. कारण काय, तर वडिलांच्या खात्यात रक्कम पुरेशी होती, पण ती सलग अठ्ठावीस दिवस टिकली नव्हती. मधे बागेच्या औषधांच्या बिलाचा चेक वटला आणि शिल्लक दोन दिवस खाली गेली. नाशिक जिल्ह्यातून ब्रिटनला निघालेल्या मुलांचं घोडं अशाच ठिकाणी अडतं. कॉलेज रोडवरच्या ऑफिसांमधून आयईएलटीएस या इंग्रजी परीक्षेचे बँड आणि रँकिंग यांवर तासन्‌तास बोललं जातं. जन्मदाखल्यावर मुलाचं नाव आहे का, पैसे कोणाच्या खात्यात आहेत, मार्कशीटवरचं नाव पासपोर्टशी जुळतं का, हे मात्र जुलै उजाडल्यावर विचारलं जातं. तोवर हातात दिवस उरलेले नसतात. म्हणून या लेखात त्या कागदांवर जास्त लिहितो आहे.

एजंटांबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो. बहुतेक सल्लागार विद्यार्थ्याकडून फी घेत नाहीत, कारण प्रवेश झाला की विद्यापीठ त्यांना कमिशन देतं. यात लपवाछपवी नाही आणि अनेकजण मनापासून काम करतात. पण ज्या विद्यापीठाशी त्यांचा करार नाही ते नाव त्यांच्या यादीत सहसा येत नाही, हे लक्षात ठेवा. यादी आधी स्वतः करा, मग त्यांच्याकडे जा. आणि अर्जाचा लॉगिन, पासवर्ड, ईमेल तुमचाच ठेवा. विद्यापीठाचं पत्र तुमच्याआधी दुसऱ्याच्या इनबॉक्समध्ये पडलं, तर मुदती निसटतात.

बारावीनंतर जाणाऱ्यांसाठी

आपल्याला सीईटी, कॅप राउंड, मेरिट लिस्ट, सीट अलॉटमेंट हा क्रम अंगवळणी पडलेला असतो. ब्रिटनमध्ये पदवीचे अर्ज यूकॅस या संस्थेमार्फत जातात, म्हणून तिला तिथला सीईटी सेल समजण्याची चूक सर्रास होते. यूकॅस सीट वाटत नाही. एक अर्ज जास्तीत जास्त पाच ठिकाणी पोचवायचा आणि तिथली उत्तरं तुमच्यापर्यंत आणायची, एवढंच तिचं काम. निर्णय प्रत्येक विद्यापीठ स्वतंत्रपणे घेतं. म्हणूनच त्या पाचांना पसंतीक्रम नसतो, आणि तुम्ही आणखी कुठे अर्ज केलाय हे तुम्ही ऑफरना उत्तर देईपर्यंत कोणालाच दिसत नाही. पाच अर्ज पाच वेगवेगळ्या विषयांचे मात्र करू नका. पर्सनल स्टेटमेंट एकच असतं आणि ते पाचही ठिकाणी तसंच जातं. अर्थशास्त्र आणि कॉम्प्युटर सायन्स दोघांनाही पटेल असं लिहायला गेलं की दोघांनाही पटत नाही.

ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज, दोन्हीपैकी एकाच ठिकाणी एका वर्षी अर्ज करता येतो. या दोन विद्यापीठांसाठी आणि सगळीकडच्या वैद्यकीय, दंतवैद्यक, पशुवैद्यक अभ्यासक्रमांसाठी मुदत 15 ऑक्टोबरची. वैद्यकीयसाठी पाचांपैकी चारच जागा वापरता येतात. बाकीच्यांची मुदत जानेवारीत. 2026 च्या प्रवेशासाठी ती 14 जानेवारी होती. वेळ तिकडची संध्याकाळी सहाची, म्हणजे ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे रात्री साडेदहा आणि जानेवारीत साडेअकरा, कारण मधे त्यांची घड्याळं एक तास मागे जातात. एमबीबीएसऐवजी तिकडे जायचा विचार असेल तर नीटची पात्रता तरीही लागते. ती नसेल तर परत येऊन इथे प्रॅक्टिसचा मार्ग बंद.

पर्सनल स्टेटमेंटचं स्वरूप 2026 च्या प्रवेशापासून बदललं आहे. सलग निबंधाऐवजी तीन प्रश्न आहेत: हा विषय का, आजवरच्या शिक्षणाने त्यासाठी तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलं. एकूण मर्यादा 4,000 अक्षरांची, मोकळ्या जागा धरून, आणि प्रत्येक उत्तर किमान 350 अक्षरांचं. जुने नमुने पाहून लिहू नका, आणि कुणाचं उचलून तर मुळीच नको. यूकॅसकडे मजकुराचं साधर्म्य तपासणारी यंत्रणा आहे आणि सापडलं तर ती पाचही विद्यापीठांना कळवते.

खरी अडचण ज्युनिअर कॉलेजात येते. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत, अर्ज त्याआधी, म्हणून शिक्षकांना अपेक्षित मार्क लिहून द्यावे लागतात आणि शिफारसही ऑनलाइन भरावी लागते. आपल्याकडच्या शिक्षकांना ही सवय नाही. त्यांच्याकडे ऑगस्टमध्येच जा, अकरावीची मार्कशीट आणि चाचण्यांचे मार्क सोबत न्या, आणि फॉर्ममध्ये नेमकं काय विचारतात ते दाखवा. अपेक्षित मार्क फुगवून लिहिले तर ऑफरही तितकीच उंच येते आणि मे महिन्यात निकाल लागल्यावर ती हातची जाते.

प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर भारतासाठी वेगळं पान असतं. त्यावर महाराष्ट्र बोर्डाची बारावी थेट पहिल्या वर्षाला चालते का आणि किती टक्क्यांना, ते पाहा. काही ठिकाणी सीबीएसईला एक आकडा आणि राज्य बोर्डांना त्याहून वरचा असतो. काही ठिकाणी आधी फाउंडेशनचं वर्ष सांगतात, म्हणजे एका वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च वाढला. इंग्लंडमध्ये पदवी तीन वर्षांची, स्कॉटलंडमध्ये चार. त्यामुळे एडिंबरा आणि लीड्सच्या वार्षिक फीची तुलना करताना एकूण वर्षांनी गुणून बघा.

ऑफर आल्यावर एक ‘फर्म’ (पहिली पसंती) आणि एक ‘इन्शुरन्स’ (ती हुकली तर राखीव) निवडायची. इन्शुरन्सची अट फर्मपेक्षा खालची हवी. दोन्हींची सारखी असेल तर ती निवडून उपयोग नाही. कुठेच जमलं नाही तर जुलैपासून क्लिअरिंग सुरू होतं आणि उरलेल्या जागा भरतात. आपल्या मुलांसाठी ऑगस्टचं क्लिअरिंग धोक्याचं, कारण त्यानंतर व्हिसाला लागणारे आठवडेच शिल्लक नसतात.

मास्टर्ससाठी जाणारे

नाशिकहून जाणारी बरीच मुलं इंजिनीअरिंग, कॉमर्स किंवा फार्मसी करून एमएस्सीसाठी जातात. तिथे यूकॅसचा संबंध जवळजवळ नाही. प्रत्येक विद्यापीठाच्या पोर्टलवर वेगळा अर्ज करायचा. बहुतेक ठिकाणी सप्टेंबर-ऑक्टोबरपासून अर्ज घेतात आणि जागा भरत जातात. नावाजलेल्या कोर्सना टप्पे असतात. एप्रिलपर्यंत थांबणाऱ्यांना ‘अर्ज बंद’ची पाटी दिसते.

पदवीच्या मार्कांबद्दल उगाच भीती असते, ती आधी काढून टाकू. तिकडे 70 टक्क्यांना ‘फर्स्ट’, 60 ते 69 ला ‘टू-वन’ आणि 50 ते 59 ला ‘टू-टू’. 85 टक्के तिथे फारच थोड्यांना पडतात. विद्यापीठं भारतीय मार्कांना याच पट्ट्यांत बसवतात आणि प्रत्येकाची यादी निराळी असते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या सीजीपीएला कुठे टू-वन धरतात, तर दुसरीकडे त्याच आकड्याला टू-टू. स्वतः टक्क्यांत रूपांतर करून फॉर्ममध्ये भरू नका. मार्कशीटवर जो आकडा छापलाय तोच द्या आणि रूपांतराचं सूत्र विद्यापीठाच्या कागदावर असेल तर ते जोडा. हीच गोष्ट तिकडे गेल्यावरही उपयोगी पडते. पहिल्या असाइनमेंटला 58 मार्क पाहून मुलं खचतात. पण एमएस्सीला पास होण्याची रेषा सहसा 50 ची असते, 60 ला मेरिट आणि 70 ला डिस्टिंक्शन.

एमएस्सी 180 क्रेडिटची. एक क्रेडिट म्हणजे अंदाजे दहा तासांचं काम, म्हणजे वर्षभरात 1,800 तास. त्यातले साधारण 60 क्रेडिट उन्हाळ्यातल्या प्रबंधाचे. वर्गात आठवड्याला दहा-बाराच तास असले तरी उरलेला वेळ रिकामा नसतो.

एसओपीबद्दल, म्हणजे हा कोर्स का करायचा हे सांगणाऱ्या अर्जासोबतच्या लेखाबद्दल, जितकं बोलावं तितकं थोडं. ‘लहानपणापासून मला तंत्रज्ञानाची ओढ’ हे वाक्य वाचून प्रवेश समिती पुढे सरकते. त्यांना हवं असतं तुम्ही काय केलं आणि कुठे अडलात. समजा तुमच्या फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये द्राक्षाच्या पानांवरचा डाउनी रोग फोटोवरून ओळखायचा होता. तर पहिल्या परिच्छेदात डीप लर्निंगचं महत्त्व सांगण्यात ओळी घालवू नका. किती पानांचे फोटो काढले, निफाडच्या बागेत भर उन्हात काढलेले आणि सावलीत काढलेले फोटो मॉडेलला वेगवेगळे का वाटले, त्यामुळे अचूकता कुठे घसरली, ती सुधारायला काय करून पाहिलं, आणि या कोर्समधला कोणता विषय तो प्रश्न पुढे नेतो, ते लिहा. कोर्सच्या पानावर विषयांची नावं दिलेली असतात. दोन-तीन नावं घेऊन त्यांचा तुमच्या कामाशी संबंध जोडला की बाकी एसओपी आपोआप जमते. शब्दमर्यादा पाळा, पाचशे शब्द म्हटले तर पाचशेच.

शिफारसपत्रं साधारण दोन लागतात. इथे वारंवार होणारा घोटाळा ईमेलचा. आपल्याकडचे बरेच प्राध्यापक जीमेलच वापरतात आणि अनेक विद्यापीठं फक्त संस्थेच्या ईमेलवरून आलेली शिफारस धरतात. सरांना कॉलेजचा ईमेल चालू करून घ्यायला आधीच विनंती करा. ते शक्य नसेल तर लेटरहेडवर सही-शिक्क्याचं पत्र चालतं का, हे विद्यापीठाला लिहून विचारा. ट्रान्सक्रिप्टसाठी पुणे विद्यापीठाकडे शेवटच्या सेमिस्टरआधीच अर्ज करा. एटीकेटी असेल तर लपवू नका. सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट मागतातच, आणि कुठे किती बॅकलॉग चालतात ते लिहिलेलं असतं.

इंग्रजीबद्दल थोडक्यात. पदवी किंवा वरच्या शिक्षणासाठी मान्यताप्राप्त विद्यापीठ स्वतः इंग्रजी तपासून घेऊ शकतं, म्हणून साधी (व्हिसासाठीची खास नसलेली) आयईएलटीएस चालते, आणि अनेक ठिकाणी बारावीचे इंग्रजीचे मार्कही. मराठी माध्यमातून आलेल्यांनी पदवी इंग्रजी माध्यमातून झाल्याचं कॉलेजचं पत्र घेऊन ठेवावं. पण त्यावर विसंबू नये, कारण काही विद्यापीठं ते मानत नाहीत.

नाव

बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनाव स्वतंत्र रकान्यात आणि ‘गिव्हन नेम’मध्ये कधी फक्त मुलाचं नाव, कधी सोबत वडिलांचंही. आता ‘पाटील तेजस रमेश’ अशी मार्कशीट ब्रिटनमधल्या कारकुनाच्या हाती पडली की त्याच्या दृष्टीने मुलाचं पहिलं नाव पाटील आणि आडनाव रमेश. ऑफर लेटर तसं निघतं, आणि पुढे कॅसवरही (व्हिसासाठी विद्यापीठ देतं ती हमी) तेच उतरतं. अर्ज करताना पहिल्या दिवसापासून पासपोर्टवर जसं आहे तसंच लिहा, अक्षर न अक्षर. आयईएलटीएसचा फॉर्मही तसाच. मार्कशीटवर वेगळं असेल तर ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. एखाद्या कागदावर ‘शिवाजी’ आणि दुसऱ्यावर ‘शिवाजीराव’ असे वडील असतील तर त्याचाही खुलासा त्यातच करा.

ऑफरपासून कॅसपर्यंत

पहिली ऑफर बहुधा अटींसह असते: अंतिम निकाल, इंग्रजी, पासपोर्ट, डिपॉझिट. अटी पूर्ण झाल्या की ती बिनशर्त होते आणि मगच कॅस मिळतो. कॅस म्हणजे विद्यापीठाने ब्रिटनच्या गृहखात्याला दिलेली हमी, एका क्रमांकाच्या रूपात. त्याशिवाय व्हिसाचा अर्ज भरताच येत नाही, आणि कॅस निघाल्यापासून सहा महिन्यांत तो वापरावा लागतो.

आजकाल कॅसच्या आधी विद्यापीठ व्हिडिओवर मुलाखत घेतं. मुलांना हा अविश्वास वाटतो, पण कारण समजून घ्या. विद्यापीठाने दिलेल्या कॅसपैकी ठरावीक टक्क्यांहून जास्त व्हिसे नाकारले गेले तर परदेशी विद्यार्थी घेण्याचा त्याचा परवाना धोक्यात येतो. ही मर्यादा 10 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणण्याचं ब्रिटिश सरकारने 2025 मध्ये जाहीर केलं. त्यामुळे शंका आली की विद्यापीठ स्वतःच थांबवतं. प्रश्न साधे असतात: हाच कोर्स का, त्यातले विषय कोणते, राहणार कुठे, एकूण खर्च किती, पैसे कोण देणार, त्यांचा व्यवसाय काय. पाठ केलेलं लगेच ओळखू येतं. वडिलांची बाग किती एकर, द्राक्ष की डाळिंब, वर्षाला साधारण किती येतात, हे स्वतःला माहीत असू द्या. अनेक मुलांना ते सांगता येत नाही.

विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या काही विषयांना एटास नावाचं सुरक्षा-मंजुरीचं प्रमाणपत्र लागतं. मटेरियल्स, एरोस्पेस, काही प्रकारचं एआय असे विषय त्यात येतात. लागणार असेल तर ऑफर लेटरमध्ये तसं लिहिलेलं असतं. फी नाही, पण किमान 30 कामकाजाचे दिवस धरून चला. उन्हाळ्यात त्याहूनही जास्त लागतात. ऑफर स्वीकारली त्याच आठवड्यात अर्ज करा.

पैसे

सगळ्यात जास्त व्हिसे इथे घसरतात, म्हणून हिशोब मांडूनच दाखवतो.

दाखवायची रक्कम म्हणजे पहिल्या वर्षाची न भरलेली फी अधिक नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च. हा खर्च 11 नोव्हेंबर 2025 पासून लंडनसाठी महिना 1,529 पौंड आणि लंडनबाहेर 1,171 पौंड धरतात. नऊ महिन्यांचे अनुक्रमे 13,761 आणि 10,539. समजा फी 18,000 पौंड, त्यातले 5,000 भरले आणि विद्यापीठ लंडनबाहेरचं. तर 13,000 अधिक 10,539, म्हणजे 23,539 पौंड. पौंड 120 रुपये धरला तर 28 लाख 24 हजार 680 रुपये. बँकेत बरोबर तेवढेच ठेवले तर चूक, कारण गृहखातं अर्जाच्या दिवशीचा ओआंडा या चलनदराच्या संकेतस्थळावरचा दर लावतं. पौंड दोन-तीन रुपयांनी चढला तर तुम्ही कमी पडता. इथे 30 लाख ठेवावेत असं माझं ठाम मत आहे. भरलेलं डिपॉझिट कॅसवर नोंदलेलं आहे ना, तेही तपासा. नसेल तर विद्यापीठाला लगेच लिहून कॅस दुरुस्त करून घ्या.

ही रक्कम सलग 28 दिवस खात्यात हवी. एक दिवसही खाली गेली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. स्टेटमेंट 20 जुलैला संपत असेल तर 23 जून ते 20 जुलै हे ते दिवस. आणि स्टेटमेंटच्या शेवटच्या तारखेपासून 31 दिवसांच्या आत व्हिसाची फी ऑनलाइन भरायची, कारण अर्जाची तारीख म्हणजे फी भरल्याची तारीख. व्हीएफएसच्या (व्हिसाचे कागद आणि बोटांचे ठसे घेणारी कंपनी) अपॉइंटमेंटचा दिवस इथे मोजत नाहीत. त्या महिन्यात या खात्यातून हप्ते, चेक, यूपीआय काहीच जाऊ देऊ नका. सगळ्यात बरं म्हणजे त्यासाठी वेगळंच खातं वापरा.

आता खातं कोणाचं. विद्यार्थ्याचं स्वतःचं, आई-वडिलांचं किंवा कायदेशीर पालकाचं चालतं. आजोबांचं, काकांचं, मामांचं, मोठ्या भावाचं चालत नाही. दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडच्या एकत्र कुटुंबांत बागेचे पैसे आजोबांच्या नावावर जमा होतात आणि ‘घरचेच तर आहेत’ म्हणून कोणी हलवत नाही. ते 28 दिवसांच्या आधी मुलाच्या किंवा आई-वडिलांच्या खात्यात आले पाहिजेत. धंद्याच्या फर्मच्या चालू खात्यातलेही चालत नाहीत. शेअर, सोनं, पीएफ, ओव्हरड्राफ्ट यांतलं काहीच धरत नाहीत. मुदत ठेव चालते, पण ती मोडून पैसे मिळतात हे दिसायला हवं.

पतसंस्थेचा मुद्दा वेगळा लिहायलाच हवा. आपल्याकडे गावोगावी पतसंस्था आहेत आणि लोकांची आयुष्यभराची पुंजी त्यांत असते. पण गृहखात्याचा नियम असा की संस्था देशाच्या अधिकृत बँक-नियामकाच्या देखरेखीखाली हवी, नोंदी संगणकावर हव्यात आणि पडताळणी करता यायला हवी. पतसंस्था ही अट पूर्ण करत नाही, आणि लहान सहकारी बँकांबाबतही जोखीम घेऊ नये. हंगामाचे पैसे मार्च-एप्रिलमध्ये आले की ते थेट मोठ्या राष्ट्रीयीकृत किंवा खासगी बँकेत ठेवा. मार्केटच्या किंवा निर्यातदाराच्या हिशोबपट्ट्या फाइल करून ठेवा, कारण मोठी रक्कम अचानक आलेली दिसली की ती कुठून आली हे विचारतात.

पैसे आई-वडिलांच्या खात्यात असतील तर त्यांचं संमतिपत्र आणि नातं सिद्ध करणारा जन्मदाखला लागतो. इथे ग्रामपंचायतीचा किंवा महापालिकेचा जुना दाखला बाहेर निघतो आणि कळतं की त्यावर बाळाचं नावच नाही, रकाना कोरा. बाळंतपणानंतर लगेच नोंद झालेली, बारसं नंतर. नाव नोंदवून नवा दाखला घ्यायला किती चकरा होतील ते सांगता येत नाही, म्हणून हे काम डिसेंबरमध्येच करा. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा. त्यावर भाषांतर अचूक असल्याचं विधान, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क हवा.

कर्ज काढणार असाल तर 28 दिवसांची अट लागत नाही, पण पत्र नीट हवं. कर्ज विद्यार्थ्याच्या नावे शैक्षणिक कर्ज म्हणून, पत्र सहा महिन्यांच्या आतलं, आणि पैसे प्रवासाच्या आधी मिळतील किंवा थेट विद्यापीठाला जातील असं लिहिलेलं. बँकेचं साधं ‘तत्त्वतः मंजुरी’ पत्र उपयोगाचं नाही. तारणाबद्दल शेतकरी कुटुंबांचा मोठा गैरसमज असतो. दहा एकर बागायती जमीन असली तरी सातबारा तारण म्हणून घ्यायला बँका सहसा तयार नसतात, कारण सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे आणि कर्ज थकलं तर बँकेला ती त्या मार्गाने विकता येत नाही. एनए प्लॉट, फ्लॅट किंवा मुदत ठेव लागते. सर्च रिपोर्ट, मूल्यांकन, वकिलाचा अभिप्राय यांत महिना-दीड महिना सहज जातो.

फी पाठवताना एका आर्थिक वर्षात 10 लाखांच्या वरच्या रकमेवर बँक टीसीएस (आधीच गोळा केलेला आयकर) कापते. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर नाही. ही कपात ज्याच्या पॅनवरून पैसे गेले त्याच्या नावावर दिसते. वडिलांचं उत्पन्न फक्त शेतीचं असेल आणि ते विवरणपत्र भरत नसतील, तर त्या वर्षी ते भरल्याशिवाय हा पैसा परत मिळत नाही.

व्हिसा

फी जवळजवळ दर एप्रिलला बदलते. एप्रिल 2025 मध्ये ती 524 पौंड झाली. त्यासोबत आरोग्य अधिभार वर्षाला 776 पौंड. एक वर्षाच्या एमएस्सीला व्हिसा साधारण सोळा-सतरा महिन्यांचा मिळतो, म्हणून दीड वर्षाचे 1,164 पौंड एकदम भरावे लागतात. खर्चाच्या अंदाजात हा आकडा बऱ्याचदा राहून जातो.

टीबीची तपासणी गृहखात्याने मान्य केलेल्या केंद्रातच व्हावी लागते, घराजवळच्या हॉस्पिटलचा एक्स-रे चालत नाही. मुंबईत अशी केंद्रं आहेत. दाखला सहा महिने चालतो. एक्स-रेत काही शंका आली तर थुंकीची तपासणी करतात आणि तिला दोन महिने लागू शकतात. म्हणून टीबी आणि बायोमेट्रिक्स (बोटांचे ठसे आणि फोटो) एकाच मुंबई फेरीत उरकायचा बेत करू नका. टीबी जूनमध्येच होऊ द्या. बायोमेट्रिक्स व्हीएफएसच्या मुंबई किंवा पुणे केंद्रात. मुंबईची अपॉइंटमेंट दुपारची घेतली तर सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने नाशिकरोडहून निघून पोचता येतं. निर्णयाला साधारण तीन आठवडे. आता पासपोर्टवरचा स्टिकर आणि तिकडचं प्लास्टिकचं कार्ड जाऊन ई-व्हिसा आला आहे. तो ऑनलाइन खात्यात दिसतो. विमानात बसण्याआधी त्यातलं नाव, पासपोर्ट क्रमांक आणि मुदत डोळ्यांखालून घाला. चूक इथून दुरुस्त करणं सोपं जातं.

शिष्यवृत्तीबद्दल दोनच ओळी, कारण अटी बारकाईने मूळ ठिकाणीच वाचाव्यात. ब्रिटिश सरकारच्या चीव्हनिंग शिष्यवृत्तीला किमान 2,800 तासांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणजे नुकत्याच पदवीधर झालेल्यांसाठी ती नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या जाहिरातीची वाट न पाहता ऑफर आधी मिळवून ठेवा.

एक वर्षाची मास्टर्स इथे चालते का, हा पालकांचा हमखास प्रश्न. भारत आणि ब्रिटन यांनी जुलै 2022 मध्ये परस्परांच्या पदव्या मान्य करण्याचा करार केला आणि एक वर्षाची मास्टर्स त्यात आली. अभियांत्रिकी, वैद्यकीय, कायदा, वास्तुशास्त्र अशा व्यावसायिक पदव्या त्यात नाहीत.

तिकडे गेल्यावर

सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास काम करता येतं. एमएस्सीच्या मुलांची चूक होते ती उन्हाळ्यात. प्रबंधाचे महिने त्यांच्यासाठी सत्रातच मोजतात, सुट्टीत नाही, म्हणून तेव्हाही मर्यादा 20 तासांचीच. ॲपवरून जेवण पोचवण्याचं काम स्वयंरोजगारात येतं आणि विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला परवानगी नाही. नियम मोडल्याची नोंद पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या आड येते. जोडीदाराला सोबत नेण्याची सोय 1 जानेवारी 2024 पासून बहुतांशी संशोधनाच्या अभ्यासक्रमांनाच उरली आहे.

शिक्षणानंतर राहण्यासाठी ग्रॅज्युएट व्हिसा असतो. 1 जानेवारी 2027 पासून केलेल्या अर्जांना तो दोन वर्षांऐवजी 18 महिन्यांचा मिळणार आहे. पीएचडीला तीन वर्षं. हा अर्ज ब्रिटनमध्ये असतानाच, विद्यापीठाने कोर्स पूर्ण झाल्याचं गृहखात्याला कळवल्यानंतर आणि विद्यार्थी व्हिसा संपण्याआधी करावा लागतो. सप्टेंबरमध्ये प्रबंध सादर होतो, निकाल बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरच्या आसपास, आणि मधे दिवाळी येते. दिवाळीला घरी यायला हरकत नाही, जुना व्हिसा चालू असेल आणि निकालाआधी परतणार असाल तर. अर्ज केल्यानंतर मात्र निर्णय येईपर्यंत देश सोडायचा नाही; सोडला तर अर्ज मागे घेतला असं धरतात. तिकीट काढण्याआधी विद्यापीठाच्या व्हिसा विभागाला ईमेल करून निकाल कळवण्याची तारीख विचारून घ्या.